गालातली सुपारी

अध्यक्ष शेटजी, वहिनी, अन् जमलेल्या माह्या भाऊ-बहिणींनो,

मले बोलाले सांगतलं तवा मी पहिले विचारलं, मलेच काहून? गेल्या इलेक्शनात नामदेवभाऊच्या विरोधात उभा राहून पडलेला माणूस मी. हारलेल्या वकिलाले कोणी शोकसभेत बोलावते काय? सभा भरवणारे म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही चांगलं बोलसान म्हणून. मले ते पटलं नाही. माह्या तोंडून काहीतरी वदवून घ्याचं असन, असंच वाटलं. बोलणं जड जाऊन राह्यलं, हे खरं. पण संशय येऊन राह्यला, तोही खराच आहे.

कोर्टातली मराठी आज घरी ठेवून आलो. जिता असताना मी त्याले अरे-तुरे करत होतो. मेला म्हणून अहो-जाहो करणार नाही.

मी जन्माचा संशयी. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या प्रसादातही खडे पाहता. नामदेव आमदार झाला अन् मी ठरवलं, ह्याच्यावर डोळा ठेवाचा. नवा महाराष्ट्र झाल्यावरची ती पहिली इलेक्शन. निवडून आलेले कितीतरी जण एस.टी.नं गेले अन् मोटारीनं वापस आले. म्हटलं, हाही येईन. नागपूरले अधिवेशन भरलं तवा मी गॅलरीत जाऊन बसलो. हा कोणाजवळ बसते, कोणासंग चहा पिते, सारं पाहून घेतलं. बाहेर निघालो तं त्यानंच मले गाठलं. म्हणाला, "वकीलसाहेब, मले पाहाले इतक्या दूर कायले आले? बाजारच्या दिवशी दिसतोच ना."

अन् दिसेच तो. बोरी अरबचे लोक इथं बसले आहेत, त्यायले इचारा. बाजारच्या दिवशी कडुलिंबाखाली पोतं टाकून बसे. कोणी गाऱ्हाणं आणलं की पुरं ऐकून घे, अन् मंग डबीतली सुपारी काढून गालात धरे. सुपारी गालात गेली म्हणजे समजाचं, आता हा बोलणार नाही. नुसती हातानं खूण करे, ज्याच्याबद्दल सांगून राह्यला त्याले घेऊन ये. तो माणूस येऊन समोर बसला की सुपारी थुंके, अन् तवा बोले. एकाच्या माघारी दुसऱ्याचा निकाल नाही. मंग समोर पाटील असो का तहसीलदार. लोक कंटाळून जात. मी तं त्याले सुपारीचा आमदार म्हणून हासत होतो.

पण माहा संशय जाये ना. बाजारात चार लोकायच्या पुढं कोणीही साधू होते. घरी कसा आहे, हे पाहाचं होतं. माह्या साळ्याचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद होता. त्याले संत्र्याची टोपली देऊन मी नामदेवच्या घरी धाडलं. म्हटलं, एकटा जा, गुपचूप सांग. साळ्यानं सारं सांगतलं. नामदेवनं सुपारी गालात धरली. वहिनीनं चहा आणला. साळ्यानं पेला, नामदेवचा तसाच थंडा झाला. शेवटी साळा टोपली घेऊन वापस आला अन् मलेच म्हणाला, भाऊजी, तुमचा आमदार मुका आहे काय?

त्या दिवशी मी ती संत्री खाल्ली, अन् मले गोड लागली. खरं सांगून राह्यलो. डाग सापडावा म्हणून मी त्याच्याकडे इतकं पाह्यलं, तितकं त्याच्या घरच्यायनं पाह्यलं नसन. डाग सापडला नाही. माह्या मताचा तो कधीच नव्हता, पण माह्या भरवशाचा झालता. माह्यासारख्याच्या भरवशाचे किती असतात? तो एकच होता. तो गेला.

आता ज्याच्यासाठी उभा राह्यलो ते बोलतो.

त्या दिवशी शेटजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याच्या छातीत कळ आली. शेटजी, तुम्ही त्याले आपल्या मोटारीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. उपकार झाले, मी हात जोडतो. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची शुद्ध गेलती, ते आलीच नाही. अन् तेरवी व्हायच्या आत गावात बोलणं उठलं. आत्ता तुम्ही भाषणातही तेच सांगतलं. मोटारीत भाऊनं तुम्हाले शब्द देला म्हणे, का नाल्याकाठची जागा कापसाच्या गाठी बांधाच्या तुमच्या नव्या प्रेसले द्याची अन् तिथली वस्ती उठवाची. भाऊची शेवटची इच्छा, असं म्हणाले तुम्ही. साऱ्यायनं माना डोलावल्या.

कोणती वस्ती? आपल्या ज्या भावायनं दीक्षा घेतली अन् गावकुसाबाहेरची ती जुनी जागा सोडून नाल्याकाठी घरं बांधली, त्यायची. ते जागा त्यायच्या नावावर व्हावी म्हणून नामदेव मंत्र्यायच्या दारात बसून राहे. अन् तेच घरं उठवाचा शब्द तो देईन? मोटारीत कोण होतं? शेटजी होते. ड्रायव्हर होता, तो शेटजींचा. शेवटची इच्छा म्हटली की कोणी नाही म्हणत नाही, अन् मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही.

वहिनी, तुम्ही हो म्हणाल्या म्हणून सांगतो. दवाखान्यात नर्सबाईनं त्याचं तोंड उघडलं तवा गालात सुपारी होती. चावलेली नाही, अख्खी. वहिनीनं मले नवऱ्याची सवय म्हणून सांगतलं, अन् मी तिथंच विचार कराले लागलो. छातीत कळा येऊन राह्यल्या, अन् हा माणूस सुपारी धरून बसला. काहून? कोणी काही मागून राह्यलं होतं, अन् दुसरी बाजू मोटारीत नव्हती.

हा पुरावा नोहे. जज्ज मले हासून बाहेर काढन. माहा संशय आहे, अन् शेटजी खरंही बोलत असतील. मंग असं करू. वस्तीतली माणसं मांडवाबाहेर रस्त्यावर उभी आहेत. आल्यापासून कोणी त्यायले बसा म्हटलं नाही. शिवराम, बायालेकरायले घेऊन आत ये. इथं, पुढं, सतरंजीवर बसा. तो तुमचाच माणूस होता.

ही त्याची डबी. वहिनीनं मले देली. ह्यातली सुपारी मी आता गालात धरतो. हे लोक समोर बसले की शेटजी, तुम्ही उठा, अन् तो शब्द त्यायच्या तोंडाकडे पाहून पुन्हा सांगा. मंगच मी ही थुंकीन. तोवर कोणीच बोलाचं नाही.

नामदेव, तुले माहा रामराम. श्रद्धांजलीले उभे राहा सारे. शेटजी, तुम्हीही.