जेलात ‘येतो’ म्हनू नये

बस रे, तू आता ‘येतो’ म्हनला तवा आठवलं. नव्वद सालाच्या आगंमागं मी जेलात वार्डर होतो. जेल पाह्याले येनाऱ्या लोकायले मीच फिरवून दाखवत होतो. गेटावरच बजावत होतो, ‘रांगेत चाला, कैद्यासंग बोलू नका, अन् निघताना येतो म्हनू नका. घरातून निघताना ‘जातो’ म्हननं अशुभ, इथून निघताना ‘येतो’ म्हननं अशुभ.’ सारे हासत.

एकदा जैनथ गावाकडचं महिला मंडळ जेल पाह्याले आलं. त्यातली एक म्हातारी सारखी पुसून राह्यली होती, ‘इथंच झोपतात काय? थंडीत घोंगडी देता काय?’

मी म्हनलं, ‘आजी, तुमाले राहाचं हाय काय इथं?’

बाया हासल्या. म्हातारी नाई हासली.

निघताना ती बराकीकडं वळून मोठ्यानं म्हनली, ‘येतो रे, बापू!’

मी खेकसलो, ‘आजी, सांगतलं होतं ना? जातो म्हना!’

‘लेक हाय माहा आत. जन्मठेप झाली. मुलाकातीले जाळीतून नुसतं तोंड दिसते. झोपते कुठं, ते पाह्याले या बायांसंग आली. त्याले ‘जातो’ कसं म्हनू, साहेब?’