चिखलावरचा पेपर

अगं, परवा घोडबंदर रोडच्या एका कॉलेजात मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलेलं. ट्रॅफिकमधून कशीबशी पोचले, तर प्राचार्य माईकवर सांगतायत, "मॅडमच्या पेपरचा संदर्भ जगभरातले संशोधक देतात."

आता तो पेपर कुठला? खाडीच्या चिखलातून डीएनए स्वच्छ कसा काढायचा, याची एक साधी युक्ती. लॅबमधलं मशीन बंद पडलेलं, म्हणून रिकाम्या वेळात लिहिलेला. माझं खरं काम एका प्रथिनावर. त्यात पंधरा वर्षं गेली, केस पिकले, आणि त्या पेपरांचा संदर्भ जवळपास मी एकटीच देते.

भाषण संपल्यावर कळव्याची एक मुलगी धावत आली. "मॅडम, तुमच्या पद्धतीमुळे माझी पीएचडी वाचली. मी सोडूनच देणार होते." डोळ्यांत पाणी होतं गं तिच्या. मला इतकं बरं वाटलं, की मी हावरटासारखं विचारलं, "आणि माझं प्रथिनावरचं काम वाचलंस का?"

ती गोंधळली. "तुम्ही प्रथिनांवर पण काम केलंय, मॅडम?"

"हो," म्हटलं, "मध्ये थोडे दिवस केलेलं."