बेबीनंदाच्या गुडघ्याजवळचे बटण

पोलीस चौकी, कुंभार पिंपळगाव
दिनांक ९ डिसेंबर २००५

मी कौसल्या रखमाजी भोजने, वय २९ वर्षे, धंदा विशेष शिक्षिका, रा. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी गावातील एका संस्थेच्या अपंग मुलांच्या वर्गावर चार वर्षांपासून शिकवते. वर्ग बाजारतळाला लागून असलेल्या खोलीत सकाळी दहा ते दुपारी तीन भरतो. पटावर नऊ मुले आहेत. काल बाजार असल्याने तीनच आली होती. पैकी दोघांना पालक बारापूर्वी घेऊन गेले.

राहिली ती बेबीनंदा मल्हारी शिंगाडे, वय १२ वर्षे. तिचे हातपाय जन्मापासून ताठ आहेत. बोलता येत नाही. उजवा गुडघा मात्र ती ठरवून बाजूला हलवू शकते. तिची आई सुगंधाबाई तिला रोज कडेवर आणतात व वर्ग सुटेपर्यंत ओट्यावर बसून राहतात.

वर्गात एक जुना संगणक आहे. त्यातील शिकवण्याच्या प्रोग्राममध्ये जनावरे, वाहने, रंग, आकडे, हो-नाही अशी चित्रांची पाने आहेत व प्रत्येक पानावर बाकीच्या पानांकडे नेणारी चित्रेही आहेत. एक लाल चौकट आपोआप एकेका चित्रावर थांबत पुढे सरकते. चौकट हव्या त्या चित्रावर असताना बटण दाबले की चित्र मोठे होते आणि त्याचे नाव ऐकू येते. नावे माझ्या आवाजात भरलेली आहेत. बटण दारावरच्या बेलचे आहे. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते डब्याच्या झाकणात बसवून माउसच्या वायरला जोडून दिले. आम्ही ते खुर्चीला बेबीनंदाच्या गुडघ्याजवळ बांधतो. हवालदार धर्मराज जिगे यांनी खोदून विचारल्यावरून हे सविस्तर सांगितले. मी चौकीत सोबत आणलेले बटण त्यांनी स्वतः तीन वेळा दाबून पाहिले.

काल सकाळी अकराच्या सुमारास मी बेबीनंदाची खुर्ची उन्हासाठी दारात ठेवली होती. तेथून बाजारतळ व तीर्थपुरीकडे फुटणारा रस्ता दिसतो. साडेअकराला बांगड्या विकणाऱ्या उषाबाई धावत आल्या व म्हणाल्या, "मॅडम, माझी गिरिजा इकडं आल्ती का?" गिरिजा त्यांची मुलगी, वय ४ वर्षे. मी नाही म्हणाले. बेबीनंदाला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

पावणेबारापर्यंत बाजारतळामागच्या विहिरीवर माणसे जमली. गिरिजा आत पडली असेल म्हणून कोणी गळ आणला. उषाबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या.

मी बेबीनंदाला आत घेऊन संगणकासमोर बसवले. धडा आकड्यांचा होता. तिने आकड्यांचे पान सोडून जनावरांचे उघडले व शेळी निवडली. मी पुन्हा आकडे लावले. ती पुन्हा शेळीवर गेली. नंतर वाहनांमध्ये जाऊन तिने टेम्पो निवडला. मी तिला रागावले. सुगंधाबाई दारातून म्हणाल्या, "घरी शेळ्या हायेत ना, म्हणून दाबून राह्यली. तिला काय समजतंय, मॅडम." तिसऱ्यांदा शेळी आणि टेम्पो आल्यावर मी हो-नाहीचे पान उघडले आणि विचारले, "बेबे, गिरिजाचं सांगून राह्यली का?" तिने हो निवडले. मी रंगांचे पान लावले. चौकट लाल, पिवळा, हिरवा यांवरून गेली. तिने निळ्यावर बटण दाबले.

मी विहिरीवर जाऊन तेथे आलेल्या हवालदारांना बोलावले. ते एका शिपायाला घेऊन आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. ते म्हणाले, "दाबतंय कोण मॅडम, तुम्ही का ती? तुम्ही भायेर थांबा." मी व सुगंधाबाई ओट्यावर थांबलो. त्यांनी तिला विचारले की, दारात आम्ही पोलीस किती आलोत. तिने दोन निवडले, ते बरोबर होते. टेम्पोचा रंग विचारला. निळा. पुन्हा विचारला. निळा. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा तिने दाबलेच नाही. चौकट दोनदा फिरून आली. मी खिडकीतून म्हणाले, "साहेब, तेच तेच विचारलं की ती दाबत न्हाई." हवालदार म्हणाले, "बराबर हाय. मी बी चिडलो असतो."

टेम्पो कोणत्या बाजूला गेला हे विचारायचे होते. गावांची चित्रे प्रोग्राममध्ये नाहीत, म्हणून मी हो-नाहीचे पान लावायला आत गेले. साडेबाराला भारनियमनामुळे वीज गेली. पडदा काळा झाला.

हवालदार टोपी घेऊन उठले. तेवढ्यात टक असा आवाज आला. बेबीनंदाने बटण दाबले होते. वीज नसली तरी बटणाचा आवाज होतो, हे माझ्या चार वर्षांत लक्षात आले नव्हते. हवालदार खाली बसले व म्हणाले, "पोरी, हो असंल तर वाजव. जाफराबाद?" आवाज आला नाही. "घनसावंगी?" नाही. "तीर्थपुरी?" टक.

मी विचारले, "साहेब, जाफराबाद तर लई दूर हाय. ते कशाला विचारलं?" ते म्हणाले, "ती नुस्तीच वाजवते का, ते बघाया."

त्यांनी तीर्थपुरीच्या बसथांब्याजवळील एसटीडी बूथवर फोन लावला. एक वाजून पाच मिनिटांनी निळा टेम्पो तेथे चहासाठी थांबलेला मिळाला. मागे बाजारात घेतलेल्या अकरा शेळ्या होत्या. गिरिजा शेळ्यांमध्ये करडू मांडीवर घेऊन झोपलेली होती.

टेम्पो परत आणल्यावर लोकांनी चालक सांडू यास पोर पळवली म्हणून खाली ओढले. त्याच्या ओठातून रक्त येत होते. तो म्हणत होता, "मला बिलकुल ठाऊक न्हाई." हवालदार त्याला सोडवून वर्गात घेऊन आले व सर्वांसमक्ष त्यांनी बेबीनंदाला विचारले, "ह्यानं उचलून चढवली?" आवाज नाही. "दुसऱ्या कुणी?" आवाज नाही. "करडामागं आपली आपण चढली?" टक. लोक मागे सरले. उषाबाईंनी बेबीनंदाचे पाय धरले.

वर्ग तीनला बंद होतो, काल कुलूप साडेपाचला का लागले, असे विचारल्यावरून सांगते की, सर्व गेल्यावर सुगंधाबाई खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. त्या लेकीला हळू आवाजात काही विचारत होत्या. काय ते मला ऐकू आले नाही. मग टक झाले. थोड्या वेळाने पुन्हा झाले. मी आत गेले नाही. साडेपाचपर्यंत ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले. वीज चारला आली. संगणक कोणी सुरू केला नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरवला असून खरा आहे. हकीकत मुळात बेबीनंदाने सांगितलेली आहे, अशी नोंद माझ्या विनंतीवरून येथे घेतली.

सही / कौ. र. भोजने
समक्ष / ध. जिगे, हवालदार