ते कौटुंबिक कारण म्हणजे मी

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावर बसलेले सर्व अधिकारी, चौकशी विभागाचे साहेब, माझ्या मुलीचे सहकारी, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून जेवण कधी लागतंय याची वाट पाहणाऱ्या मित्रहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

वडील म्हणून दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मुलीने बजावलंय, "बाबा, आभार माना आणि बसा." पण मी जन्मभर परदेशात लोकांचे नळ दुरुस्त केले. गळती दिसली की मला बसवत नाही, त्याला काय करणार?

तुम्ही सगळे तिच्याबद्दल फार चांगलं बोललात. ती इथे नेमकं काय करायची, ते मला आजही ठाऊक नाही. विचारलं की म्हणायची, "फाइली, बाबा." बाप असून मला तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही. आणि आज प्रत्येक वक्ता म्हणाला, कौटुंबिक कारणांमुळे त्या नोकरी सोडत आहेत. मंडळी, ते कौटुंबिक कारण म्हणजे मी.

मघाशी मी हात धुवायला गेलो होतो. तिथे दोघं बोलत होते की बाईंनी परदेशातलं घर लपवलं, म्हणून त्यांची गोपनीय कामाची परवानगी गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कारण ते घर मी घेतलं. दोन खोल्या, पुढे हातभर गॅलरी. राहतं घर मुलाला जाणार, मग मुलीला काय? बँकेच्या कामासाठी तिने मला मुखत्यारपत्र दिलं होतं, त्यावर मी परस्पर घर तिच्या नावावर केलं. तिच्या पन्नाशीला किल्ली हातात ठेवायची आणि तिचं तोंड बघायचं, एवढीच हौस. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

मग ही परवानगी नव्याने द्यायची वेळ आली. बाप परदेशात, भाऊ परदेशात, म्हणून चौकशी होणारच होती. तिने लिहून दिलं की तिकडे माझं काही नाही. मी तेव्हा तिच्याकडेच राहायला आलो होतो. हे साहेब घरी आले. फार अदबीने वागले, मी केलेला चहासुद्धा प्यायले. त्यांनी विचारलं, मुलीच्या नावावर तिकडे काही आहे का? आता अतिशहाणपणा कशाला म्हणतात ते ऐका. मला वाटलं, घराचं सांगितलं की पोरीचं अडेल. मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, तिच्या नावावर तिकडे एक खिळासुद्धा नाही."

पुढे तिकडच्या घरपट्टीच्या नोंदीत तिचं नाव निघालं. बाप-लेकीने संगनमत केलं, असंच कुणालाही वाटणार. साहेबांचा काय दोष?

तिला विचारलं गेलं, वडील स्वतःच्या मनाने खोटं बोलले का? ती म्हणाली, "आमच्या घरचं उत्तर आहे, ते माझंच समजा." मी घरी तिच्यावर चिडलो. खरं सांगून मोकळी का झाली नाहीस, म्हणून ओरडलो. तर म्हणाली, "तुमचा पासपोर्ट तिकडचा. चौकशीत खोटं बोलणाऱ्या परक्या नागरिकाला पुन्हा या देशात येऊ देत नाहीत, बाबा. नोकरी दुसरी मिळेल."

आणि काल साहेबांनी मला सांगितलं की घराची अडचण नव्हतीच. इथल्या बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी बाहेर असतं. दोन खोल्यांपायी कुणी देश विकत नाही. सांगितलं असतंत तर नोंद करून पुढे गेलो असतो, लपवलंत ते नडलं. रात्रभर डोळा लागला नाही. लाज वाटते हो मला. पोरीचं भलं करायला गेलो आणि तिला खोटारडी ठरवून बसलो.

ती मला खुणेने खाली बसायला सांगतेय. नाही बसत. आयुष्यभर खाली मान घालून तू माझं ऐकलंस, आज तुझं मी ऐकणार नाही.

आपण एवढ्या आपुलकीने बोलावलंत, ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर मोठ्या मनाने विसरून जा. फक्त साहेब, आपण विसरू नका. मी आत्ता जे बोललो ते लिहून घ्या, मी खाली सही करतो.