मनगटावरचा पट्टा

दवाखान्याच्या मानांकनाचं नाव काढू नका राजेहो, मले पयले त्याचा रागच आला होता! शुगर वाढली म्हणून मी वाशीमले भरती होतो. दवाखान्याले मानांकन पाह्यजे होतं, म्हणून नवा नियम लागला. सुई द्याच्या आंधी दरवेळी पेशंटले नाव इचाराचं अन मनगटावरचा नावाचा पट्टा पाहाचा. सिस्टर कोण, त आमच्या किन्हीराजा गावचीच शोभा. तरी इचारे, "मामा, नाव सांगा."

"काहून वं? तुह्या लग्नात पंगती वाढल्या म्या!"

"माहीत हाय. तरी सांगा."

एक दिवस साडू भेटाले आला. त्याले चतुर्थीचा उपास. मी पाय मोकळे कराले गेलो, त गडी माह्याच पलंगावर तोंडावर चादर घेऊन पसरला. तेवढ्यात शोभा इन्सुलिन घेऊन आली.

"मामा, नाव?"

साडूले वाटलं, पेशंटचं नाव इचारून राह्यली. चादरीतूनच माह्यं नाव सांगतलं, "गजानन."

"हात दाखवा."

हात बाहेर आला, त पट्टा नाही! शोभानं चादर ओढली, तवा मी दारातच होतो. पोरीनं सुई मांगं घेतली. "शुगर नसलेल्या उपाशी माणसाले हे देल्लं असतं त?"

मी पलंगावर बसलो, पट्ट्याचा हात पुढं केला अन माह्यं नाव, बापाचं नाव, गाव, सारं न इचारता सांगतलं.

शोभा साडूकडं वळली. "अन तुमी कोण?"

साडू चपला हातात घेऊन दारापाशी पोचला होता. "मी कोणीच नाही बाई!"