फ्रीज, गिटार आणि एक ओळ

...अहो, फ्रीजचं! माझ्या अल्बमचं परीक्षण, वर माझा फोटो, आणि खाली आख्खं कौतुक कुणाचं, तर आमच्या फ्रीजचं! तुम्हाला सांगतो, माणसाने टीका करावी, झोडपावं, गळा बेसूर आहे म्हणावं, आपण ऐकून घेऊ, आपली कातडी जाड आहे, लग्नाला जमाना झालाय... पण गिटारीबद्दल एक ओळ? एक ओळ लिहिली असती तर काय हात झडला असता त्याचा?

आता यात फ्रीज आला कुठून म्हणाल, तर माझा धंदाच फ्रीजदुरुस्तीचा. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात पालथं पडून कॉम्प्रेसरला कान लावायचा आणि घरी आलो की गिटार घेऊन बसायचं. गाणी माझी, चाली माझ्याच, आणि सगळं अगदी हळू. किती हळू? अहो, पहिलं गाणं ऐकताना आमच्या मेहुण्याला स्वतःच्या पापण्या मिटल्याचा आवाज आला! खोटं वाटत असेल तर विचारा त्याला... नको, विचारू नका, तो नाही म्हणेल. तर इतकं नाजूक काम रेकॉर्ड करायचं कुठे? हॉलमध्ये टीव्ही, बेडरूममध्ये सासूबाई. राहिलं स्वयंपाकघर. खिडक्या लावल्या, फटींत चादरी कोंबल्या, घड्याळाचे सेल काढले, गळक्या नळाला फडकं बांधलं, आणि फ्रीज? फ्रीज राहिला चालू! आता फ्रीजवाल्याला फ्रीज कसा ऐकू येणार, सांगा? इतकी वर्षं ती घरघर कानात घेऊन हिंडतोय, माझ्या लेखी तिलाच शांतता म्हणतात!

अल्बम टाकला नेटवर. आणि तो समीक्षक, मोठं नाव हो, तो लिहितो काय, "या अल्बमचा आत्मा म्हणजे मागे अखंड वाहणारा धीरगंभीर स्वर. पाणी प्यायला उठलो तेव्हा उमगलं, हा तर फ्रीज! चौथ्या गाण्यात तो एकाएकी थांबतो आणि काळीज हलतं." अरे, थर्मोस्टॅटने थांबवलं त्याला! थंड झाला, थांबला! त्यात कसलं काळीज?

बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणते, "बघा, हाच फ्रीज घ्या म्हणून मी मागे लागले होते. तुम्ही नको म्हणत होता." मेहुण्याचा फोन, "भाऊजी, अभिनंदन! फ्रीजचा पुढचा कार्यक्रम कधी?" आणि सासूबाई, ज्यांना कानाशी जाऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, त्या आतून, "मला तो घूंऽऽघूंऽऽवाला भाग आवडला हो!" पण गिटारीबद्दल एक ओळ? कुणाच्या तोंडून एक ओळ नाही!

मग मीही पेटलो. म्हटलं, या माणसाला घरी आणणार, याच स्वयंपाकघरात बसवणार आणि फ्रीज बंद करून ऐकवणार! बायको म्हणाली, "दूध नासेल." नासू दे! "भाजी?" सुकू दे! "आणि आईच्या डोळ्यांचं औषध?" ...ते शेजारी नेऊन ठेवलं. निर्धार निर्धाराच्या जागी. समीक्षकाला रोज फोन. तो म्हणायचा, "मी कलाकारांना भेटत नाही." शेवटी म्हटलं, "मग फ्रीजला भेटा." आला!

आल्या आल्या फ्रीजवरून हात काय फिरवला त्याने! मी म्हटलं, बसा, फ्रीजदुरुस्ती हा माझा धंदाच, आणि खस्सकन प्लग काढला. आणि वाजवलं... तुम्हाला सांगतो, तसं जन्मात वाजवलं नव्हतं! चौथं गाणं बायकोवर केलेलं, तिला मी तसं कधी सांगितलं नाही, पण ती ओट्याशी हातातलं पातेलं तसंच धरून उभी. समीक्षक डोळे मिटून. गाणं संपलं तर त्याच्या गालांवरून पाणी! म्हटलं, आली! ती ओळ आली! त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला,

"आमचाही असाच गप्प झालाय हो, गेल्या आठवड्यापासून. ही शांतता ऐकली आणि भरून आलं. केव्हा याल?"

गेलो! करतो काय? धंदा आहे. रिले उडाला होता, बदलला, फ्रीज लावला घूं करायला. परत येतो तर बायको दूध आत ठेवता ठेवता काहीतरी गुणगुणतेय... चौथं गाणं! मी दारातच थबकलो. मला पाहिलं तशी गप्प झाली आणि म्हणते, "बघताय काय? दूध नासलं असतं तर?"

आणि संध्याकाळी अल्बमखाली समीक्षकाचा नवा मजकूर. पाच तारे! "वेळेवर आले. काम चोख. बोलणं मोजकं." आणि शेवटी, अहो, शेवटी ती होती, गिटारीबद्दल एक ओळ, स्वतंत्र, पूर्णविरामासकट: "येताना गिटार आणली नव्हती, हे विशेष."

दुसरा अल्बम? करणार! करणार म्हणजे करणार, चौथ्या गाण्यासारखी अजून आठ बांधलीत, फक्त आमच्या हिला सांगू नका. आणि ती ओळ छापून घेतलीय मोठ्या अक्षरांत. घरात यायच्या-जायच्या वाटेवर, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशा जागी लावायची होती. सगळं घर धुंडाळलं... आणि शेवटी लावली कुठे? आता आणखी कुठे लावणार... फ्रीजवर!