गोंदणाचे ठिपके

(सोनपेठच्या बसस्टँडासमोर महारुद्रचं बॅनरचं दुकान. मेंढरं राखणारे दत्तराव आणि बारावीत शिकणारी त्यांची नात बबिता.)

दत्तराव : पाणी राहू दे, आधी फोटू दे. परवा माझ्या नातवाचं, भागवतचं लगीन, मांडवाच्या दारात त्येच्या आजीचा फोटू लागंल तवाच नवरदेव निघंल.

महारुद्र : तेच सांगायलोय, काका. फोटो न्हाई माझ्यापाशी.

दत्तराव : असं कसं? मागल्या बाजाराला दावलास की. मागं निळं आभाळ, अन् मधी आमची म्हातारी, भिवरा.

महारुद्र : दावला होता. मंगळवारी फोनला कुलूप लागल्यावानी झालं. पडद्यावर इंग्रजीत पैसे भरायची धमकी, एक बी फाईल उघडंना.

बबिता : दादा, फोटो करायचं ॲप कुठून घेतलं होतं तुमी?

महारुद्र : पैशेवालंच हाय ते. मी त्येचं मोडवालं, कुणीतरी फोडून फुकट केलेलं, टाकलं होतं. ग्रुपवर लिंक आली. सगळे फॉन्ट, सगळी डिझाईन खुली. स्टँडावरचे सगळेच वापरायलेत.

बबिता : टाकताना फोन सांगतो ना, धोका हाय म्हणून?

महारुद्र : सांगतो. तरी बी पुढं दाबायची सवय लागलीय. फोटो बघू का, हो. फाईल बघू का, हो. मी हो म्हणत गेलो.

दत्तराव : पोरी, ह्यो काय बोलायलाय?

बबिता : आबा, ह्येंनी चोराला घरात घेतलं. त्येनं आतून कडी लावली.

दत्तराव : मग कडी काढ की, महारुद्रा.

महारुद्र : परभणीला नेला होता फोन. तिथला म्हणला, सगळं पुसल्याबिगर चालू व्हायचा न्हाई.

दत्तराव : पुसू नगंस. भिवरा आत हाय ना? राहू दे तसाच बंद. मांडवात नुसता हार लावू.

महारुद्र : काल पुसला, काका.

बबिता : पुसला? आमाला न इच्यारता?

महारुद्र : लग्नसराईत फोन बंद ठिवून कसं भागंल? अन् मला वाटलं, कागदाचा फोटो तुमच्यापाशी हायच. आणा तो, आत्ता पुन्यांदा करतो. रातभर बसंन, पण करतो.

दत्तराव : कागदाचा सोमवारी गोदावरी गंगेत सोडला.

महारुद्र : काय म्हणता?

दत्तराव : त्येच्यातला तिचा निम्मा कान गेला होता, वाळवी लागली होती. फाटका फोटू घरात ठिवू न्हाई. तुझ्याकडं नवा झालेला डोळ्यानं बघितला, म्हणून हळद-कुंकू लावून सोडला.

बबिता : मी म्हणलं होतं, आबा, हातात आल्यावर सोडू.

दत्तराव : म्हणली होतीस.

बबिता : अन् दादा, तुमाला बी म्हणलं होतं, माझ्या व्हॉट्सॲपवर टाका.

महारुद्र : अर्धं काम मी कुणाला धाडत न्हाई. लोक तेच दुसरीकडं छापून घेतात. तुमाला तसं समजलो न्हाई, पण सवय हाय. चुकलं माझं.

बबिता : मी तर आजीला बघितलं बी न्हाई. मी व्हायच्या आधीच गेली ती.

महारुद्र : दुसरा कुठला फोटो? कार्डावरचा, कुणाच्या लग्नातला?

दत्तराव : आठ महिने रानात मेंढरामागं. कोण काढतंय फोटू? एकदा पाथरीच्या बाजारात फोटूला बसली, तेवढाच.

महारुद्र : मग असं करू. बबिता आजीवर गेली म्हणतात. हिचा फोटो घेतो, वय वाढवतो, डोक्यावर पदर देतो. तुमी सांगत जा, मी बदलत जातो.

दत्तराव : कशात करशील? त्याच ॲपात?

महारुद्र : न्हाई. शपथ हाय.

दत्तराव : सांगतो तर. नाक हिच्यावानीच. डोळे... डोळे जरा... थांब. माझं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तर मी लांबून वळखतो. भिवराचं सांगायला गेलो की तो फोटूच म्होरं येतो, अन् त्यो बी धड दिसंना.

बबिता : आबा, खाली बसा.

महारुद्र : कपाळापासून धरू, काका.

दत्तराव : कपाळाला गोंदण होतं. तुझ्या त्या ॲपानं चेहरा गुळगुळीत करताना पुसलं होतं, ध्यानात हाय? मी भांडलो, मग तू परत काढलंस.

महारुद्र : ध्यानात हाय.

दत्तराव : मग तूच सांग. ठिपके तीन होते का पाच?

महारुद्र : मी फोटो बघून काढले होते, काका.